बेरितसमधली पाच वर्षं

सन 534 चा वसंत. जहाज धक्क्याला लागतं तेव्हा लेबनॉनच्या माथ्यावरचं बर्फ अजून वितळलेलं नाही. तुम्ही अठरा वर्षांचे आहात, कॅपाडोशियातल्या एका सुखवस्तू घरातले. घरची भाषा ग्रीक. लॅटिन घोकून आला आहात, पण बोलताना जीभ अडखळते. मागून तुमची पेटी डोक्यावर घेऊन एक मुलगा चालतो आहे. तो तुमच्या वडिलांच्या मालकीचा आहे.

शहराचं नाव बेरितस, म्हणजे आजचं बैरुत. ऑगस्टसच्या काळात निवृत्त सैनिकांना जमिनी देऊन इथे रोमन वसाहत वसवली गेली, म्हणून ग्रीक आणि सीरियाक बोलणाऱ्या या किनाऱ्यावर लॅटिन टिकून राहिलं. तिसऱ्या शतकापासून इथे रोमन कायदा शिकवला जातो. चौथ्या शतकात अँटिऑकचा वक्तृत्वशिक्षक लिबानियस कुरकुरत असे, की चांगल्या घरची मुलं आपला वर्ग सोडून बेरितसला पळतात.

ती का पळतात, ते तुमच्या वडिलांना विचारा. तुमच्या गावी नगरसभेचं सदस्यत्व वारशानं गळ्यात पडतं, आणि कराच्या वसुलीत तूट आली तर ती घरातून भरावी लागते. बेरितसमध्ये शिकणाऱ्या अरबस्तानच्या विद्यार्थ्यांना सम्राट डायोक्लेशियननं पंचविसाव्या वर्षापर्यंत गावच्या सक्तीच्या कामांतून सूट दिली होती, ती अजून लागू आहे. शिक्षण पुरं झालं की सरकारी हुद्दा, नाहीतर वकिली. पूर्वेच्या प्रीफेक्टच्या न्यायालयात वकील म्हणून उभं राहायचं तर सन 460 पासून कायद्याच्या अध्यापकांची शपथेवरची ग्वाही लागते. प्रांतातल्या मुलासाठी वर जाण्याची ही शिडी आहे, आणि तिची पहिली पायरी या बंदरात आहे.

पहिल्या दिवशी पोटात गोळा येतो. नव्या मुलांना इथे ‘दुपोंदिई’ म्हणतात, दोन दमडीचे. वरच्या वर्गातली मुलं त्यांची यथेच्छ टर उडवतात. पण डिसेंबर 533 मध्ये सम्राट जस्टिनियननं अध्यापकांना उद्देशून फर्मान काढलं आहे: ते नाव बंद, नव्या मुलांना ‘नवे जस्टिनियन’ म्हणायचं, आणि टवाळखोरीला शिक्षा. बेरितसमध्ये लक्ष ठेवायची जबाबदारी प्रांताधिकारी, बिशप आणि अध्यापक या तिघांवर. राज्याचा धनी रॅगिंगची दखल घेतो, यावरून या वर्गांना काय वजन आहे ते तुमच्या लक्षात येतं. फर्मान निघालं म्हणून खोड जातेच असं नाही, तेव्हा तुम्ही भिंतीकडेची जागा पकडता.

समोर अनातोलियस आहेत. त्यांचे वडील लेऑन्तियस आणि आजोबा युदोक्सियस यांचंही नाव कायद्याच्या अध्यापनात गाजलेलं. त्यांचे सहकारी दोरोथियस यांना सम्राटानं कॉन्स्टँटिनोपलला बोलावून घेतलं होतं. तिथे सम्राटाचा कायदेमंत्री ट्रिबोनियन याच्या मंडळानं तीन वर्षं खपून जुन्या न्यायशास्त्र्यांचे सुमारे 2000 ग्रंथ चाळले. 30 लाख ओळींतून दीड लाख निवडल्या, त्यांचे 50 भाग केले. हा झाला डायजेस्ट. नवशिक्यांसाठी इन्स्टिट्यूट्स हे छोटं पाठ्यपुस्तक वेगळं. दोन्ही ग्रंथांना 30 डिसेंबर 533 पासून कायद्याचं बळ आहे. तुमच्या हातातल्या प्रतीची शाई जेमतेम वाळली असेल.

शिकवण्याची रीत ठरलेली आहे. अध्यापक आधी उताऱ्याचा गोषवारा ग्रीकमध्ये सांगतात. मग मूळ लॅटिन वाचलं जातं, आणि प्रश्न सुरू होतात. सम्राटानं बजावलं आहे की डायजेस्टवर कुणी भाष्य लिहायचं नाही. शब्दाला शब्द ठेवून भाषांतर चालेल. पण वर्गातले प्रश्न कोण बंद करणार?

पहिल्याच वर्षी इन्स्टिट्यूट्समध्ये वाचता: माणसं दोन प्रकारची, स्वतंत्र आणि गुलाम. त्यापुढे फ्लोरेन्टिनस या जुन्या शास्त्र्याची व्याख्या येते. तिचा आशय असा, की गुलामी ही सगळ्या राष्ट्रांच्या रिवाजातून आली आहे आणि ती निसर्गाच्या विरुद्ध आहे. तुम्ही ओळ पुन्हा वाचता. निसर्गाच्या विरुद्ध आहे असं कायदाच म्हणतो, आणि पुढल्या पानांवर गुलाम विकत घ्यावा कसा, मुक्त करावा कसा, त्याच्या मुलांचा मालक कोण, हे शांतपणे सांगत जातो. बाहेर पायरीवर तुमची पेटी वाहून आणणारा तो मुलगा बसला आहे.

संध्याकाळी वरच्या वर्गातला कुणी पन्नासेक वर्षांपूर्वीची हकिकत सांगतो. झकारियस नावाच्या इथल्याच विद्यार्थ्यानं ती लिहून ठेवली आहे. इजिप्तहून आलेला एक विद्यार्थी एका स्त्रीच्या मागे वेडा झाला. ती वश व्हावी म्हणून त्यानं मध्यरात्री शर्यतीच्या मैदानात आपल्या इथिओपियन गुलामाचा बळी द्यायचा घाट घातला. अचानक माणसं आली, आणि गुलाम निसटला. पुढे शोध घेणारे घरी आले तेव्हा जादूटोण्याच्या पोथ्या आसनाखालच्या चोरकप्प्यात आहेत, हे त्याच गुलामानं दाखवून दिलं. तिथे बसलेली सगळी मुलं कायदा शिकणारी. गोष्ट ऐकून कुणी हसतं, कुणी गप्प राहतं.

दुसऱ्या वर्षी डायजेस्टच्या नवव्या भागात तुम्हाला न्हावी भेटतो. काहीजण चेंडू खेळताहेत. शेजारी न्हावी एका गुलामाची दाढी करतो आहे. चेंडू जोरात येऊन न्हाव्याच्या हातावर आदळतो, वस्तरा फिरतो, गुलामाचा गळा चिरतो. भरपाई कुणी द्यायची?

“चेंडू मारणाऱ्यानं,” तुम्ही म्हणता. शेजारचा म्हणतो न्हाव्यानं, खेळाच्या जागी दुकान मांडलंच कशाला? जुना शास्त्री प्रोक्युलस त्याच्या बाजूनं आहे. मग उल्पियन या दुसऱ्या शास्त्र्याचं मत वाचलं जातं: धोक्याच्या जागी बसलेल्या न्हाव्यापुढे जो आपणहून मान देतो, त्यानं स्वतःलाच दोष द्यावा. वर्गात गलका होतो. गुलाम स्वतःच्या मर्जीनं बसला होता की मालकाच्या हुकमानं? अनातोलियस उत्तर देत नाहीत, पुढचा प्रश्न टाकतात.

इथे या ग्रंथाची खरी जात कळते. शिक्का सम्राटाचा आहे, पण आतले आवाज शतकांपूर्वीच्या माणसांचे. प्रत्येक उताऱ्यावर लेखकाचं आणि त्याच्या ग्रंथाचं नाव आहे. सगळ्यात जास्त उतारे उल्पियनचे, आणि तो तुमच्या शेजारच्या टायर शहराचा. सन 212 मध्ये सम्राट काराकल्लानं साम्राज्यातल्या जवळजवळ सगळ्या स्वतंत्र माणसांना नागरिकत्व दिलं, म्हणून तुमच्यासारख्या कॅपाडोशियनालाही हा कायदा आपला म्हणता येतो. त्याच काराकल्लानं पापिनियन या जुन्या शास्त्र्याला ठार करवलं. काराकल्लानं केलेल्या स्वतःच्या भावाच्या खुनाचं समर्थन करायला पापिनियन तयार झाला नाही, असं सांगतात. तिसऱ्या वर्षाची मुलं त्याच्या नावानं ‘पापिनियनिस्ट’ म्हणवतात, आणि त्याचं लेखन हाती घेतलं की सण साजरा करतात. तुम्हीही करता.

या सणात एकही मुलगी नाही. बाईनं दुसऱ्याची बाजू न्यायालयात मांडू नये, हा नियम डायजेस्टमध्येच आहे. कारण म्हणून एका कार्फानियाचं नाव दिलं आहे, जिनं म्हणे निर्लज्जपणे दावे लढवून न्यायाधीशाला बेजार केलं. एका बाईच्या धिटाईपायी सगळ्या बायकांची वाट अडवली गेली, याचं वर्गात कुणाला आश्चर्य वाटत नाही. मात्र मृत्युपत्र नसेल तर मुलीला मुलाइतकाच वाटा मिळतो, आणि सन 536 मध्ये एक नवा कायदा येऊन थडकतो. बाप मृत्युपत्र करून मुलांना हवं तसं वगळू शकत नाही. मुलं चारपर्यंत असतील तर इस्टेटीचा तिसरा हिस्सा त्यांचा, त्याहून जास्त असतील तर निम्मा. घरी पत्र लिहिताना ही बातमी तुम्ही जरा जपूनच कळवता.

पाच वर्षं सरतात. तुम्ही वकील होता. सन 551 मध्ये, पस्तिशीत असताना, खबर येते: भूकंपात बेरितस कोसळलं. दूरदूरहून शिकायला आलेली कितीतरी मुलं ढिगाऱ्याखाली गेली, असं इतिहासकार अगाथियस लिहितो. वर्ग काही काळ सायडनला हलले. शहराचं जुनं वैभव परतलं नाही.

आता शतकं ओलांडा. डायजेस्टची सहाव्या शतकातली एक प्रत इटलीत तगली. ती आज फ्लॉरेन्सच्या लॉरेन्शियन ग्रंथालयात आहे. अकराव्या शतकाच्या अखेरीस बोलोन्यात इर्नेरियस या अध्यापकाभोवती मुलं जमली आणि ज्या ग्रंथावर भाष्याला बंदी होती, त्याच्या समासात टिपांची दाटी झाली. तिथून शिकलेली माणसं युरोपभर पसरली. पोर्तुगालच्या 1867 च्या नागरी संहितेत त्या परंपरेचा वारसा आहे, आणि 1870 पासून ती संहिता गोव्यात लागू झाली.

जस्टिनियनचं साम्राज्य उरलं नाही, बेरितसचे वर्गही उरले नाहीत. त्यांच्या कायद्यातलं जे टिकलं, ते फर्मानाच्या जोरावर टिकलं नाही. पिढ्यान्‌पिढ्या मुलांनी वर्गात त्यावर वाद घातला म्हणून टिकलं. त्यातला गुलामीचा भाग गळून पडला, बायकांवरची बंदी गेली, मुलांच्या वाट्याची हमी मात्र राहिली. गोव्याच्या 2012 च्या वारसा कायद्यानंही ती कायम ठेवली आहे: मुलं असताना तिथल्या आईबापांना निम्म्याहून अधिक मालमत्ता मृत्युपत्रानं दुसऱ्याला देता येत नाही, आणि त्या राखीव निम्म्यात मुलीचा वाटा मुलाइतकाच असतो.