बुडालेलं जहाज वर कसं आणतात? उचलून नाही, पाणी हाकलून

१९२८ च्या मे महिन्यात स्कॉटलंडच्या किनाऱ्यालगत एक अजब वरात चालली होती. पुढे टग बोटी आणि त्यांच्या मागे सुमारे २३ हजार टनांची ‘मोल्टके’ ही जर्मन युद्धनौका. तीही चक्क उलटी! जहाजाचा तळ आकाशाकडे होता आणि त्यावर खोपटी बांधून माणसं राहत होती. त्यांचं मुख्य काम एकच, कॉम्प्रेसर बंद पडू द्यायचे नाहीत. जहाज तरंगत होतं ते फक्त पोटातल्या हवेवर, आणि ती हवा सतत गळत होती.

हे जहाज काही वर्षं समुद्राच्या तळाशी पडून होतं. पहिलं महायुद्ध थांबल्यावर जर्मन नौदलाची ७४ जहाजं ऑर्कनी बेटांजवळच्या स्कापा फ्लो या बंदरात ब्रिटिशांच्या पहाऱ्यात ठेवली होती. ती शत्रूच्या हाती पडू नयेत म्हणून २१ जून १९१९ रोजी जर्मन ॲडमिरल लुडविग फॉन रॉयटर यांनी ती बुडवण्याचा आदेश दिला. ५२ जहाजं बुडाली. पुढे १९२४ मध्ये अर्नेस्ट कॉक्स नावाच्या भंगार व्यापाऱ्याने ती वर काढायला घेतली. त्याआधी त्याने एकही जहाज वर काढलेलं नव्हतं.

आधी थोडं विज्ञान

विहिरीतून बादली ओढताना ती पाण्यात असेपर्यंत हलकी वाटते आणि बाहेर येताच जड होते. पाणी वस्तूला वर ढकलतं, त्याला प्लावक बल म्हणतात. वस्तू जेवढं पाणी बाजूला सारते, तेवढ्या पाण्याच्या वजनाइतका हा धक्का असतो. नुसतं पोलाद फार थोडं पाणी सारतं, म्हणून ते बुडतं. जहाज तरंगतं ते त्याच्या पोकळ पोटामुळे. पोटात पाणी शिरलं की खेळ संपला.

मग उपायही तिथेच आहे. पोटातलं पाणी काढा, हवा भरा. गच्चीवरच्या हजार लिटरच्या टाकीएवढी हवा समुद्राच्या पाण्यात साधारण एक टन वजन पेलते. २३ हजार टन उचलेल अशी क्रेन त्या काळी नव्हतीच. हवा मात्र हवी तेवढी होती.

उलट्या तांब्याची युक्ती

सरळ बसलेल्या जहाजाची भोकं बुजवून पंपाने पाणी उपसता येतं. ‘हिंडेनबर्ग’बाबत कॉक्सने तेच केलं. तिला सुमारे ८०० ठिगळं लागली. फटींमध्ये चरबी भरली होती, ती मासेच खाऊन टाकायचे, म्हणून त्यात सिमेंट मिसळावं लागलं! १९२६ चा पहिला प्रयत्न फसला आणि जहाज १९३० मध्ये वर आलं.

‘मोल्टके’ मात्र उलटी पडली होती. ही अडचण कॉक्सच्या पथ्यावर पडली. तांब्या पालथा करून पाण्यात दाबला तर आत हवा अडकून राहते, तसंच हे. वरून हवा भरायची, म्हणजे खालून पाणी निघून जातं.

ऐकायला सोपं आहे. पहिल्या प्रयत्नात जहाजाचा पुढचा भाग तेवढा वर आला आणि सगळं धूड धोकादायकरीत्या कललं. आतल्या भिंती हवाबंद नसल्याने हवा पुढच्या टोकाकडे पळत होती. ते पुन्हा खाली बसवावं लागलं.

आता त्या भिंती आतूनच बुजवणं भाग होतं. कॉक्सच्या माणसांनी जुन्या बॉयलरपासून उभ्या नळ्या बनवून तळावर बसवल्या. नळीत उतरायचं, वरचं दार बंद करायचं, दाब वाढू द्यायचा, मग खालचं दार उघडून बुडालेल्या जहाजात शिरायचं. आत अंधार, चिखल आणि पायाखाली छत. दाबलेल्या हवेत काम करून घाईने बाहेर आलं तर रक्तात बुडबुडे होऊन माणूस लुळा पडू शकतो किंवा मरूही शकतो. अशा ठिकाणी ही माणसं महिनोन्‌महिने राबली. जून १९२७ मध्ये ‘मोल्टके’ वर आली.

खरा धोका वर येताना

वीस मीटर खोलीवर दाब पृष्ठभागाच्या तिप्पट असतो. म्हणजे तिथे भरलेली हवा वर येईपर्यंत तिप्पट फुगते. जहाज जसं वर येतं तशी हवा फुगते, आणखी पाणी बाहेर ढकलते आणि जहाजाचा वेग वाढतो. त्यात तळाचा चिखलही जहाज घट्ट धरून ठेवतो आणि एकदम सोडतो. म्हणून जहाजाचे कप्पे करायचे आणि प्रत्येक कप्प्यातली हवा वेगळी सांभाळायची. कौशल्य हवा भरण्यापेक्षा तिला आवरण्यात जास्त आहे.

डेन्मार्कचे संशोधक कार्ल क्रॉयर यांनी १९६४ मध्ये यावर वेगळी तोड काढली. कुवेतच्या बंदरात हजारो मेंढ्यांसह एक मालवाहू जहाज बुडालं. मेंढ्या कुजल्या तर शहराला मिळणारं पिण्याचं पाणी दूषित होण्याची भीती होती. क्रॉयर यांनी जहाजात पॉलिस्टायरीनचे, म्हणजे थर्माकोलचे, कोट्यवधी गोळे सोडले. गोळे हवेसारखे फुगत नाहीत आणि बारीकसारीक फटींतून पळतही नाहीत. जहाज वर आलं.

इथे सोशल मीडियावरचा आवडता किस्सा येतो. १९४९ च्या एका डोनाल्ड डक कॉमिकमध्ये पिंगपाँगच्या चेंडूंनी बोट वर काढली आहे, हे खरं. पण त्या कॉमिकमुळे क्रॉयर यांचं पेटंट नाकारलं गेलं, या दाव्याला ठोस पुरावा नाही.

कॉक्सचं पुढे काय झालं?

‘मोल्टके’ फोर्थ ब्रिजपाशी पोचली तेव्हा टग बोटी सोडाव्या लागल्या आणि ती मोकाट वाहत पुलाखालून गेली. सुदैवाने खांबांना लागली नाही. कॉक्सने ३० हून अधिक जहाजं वर काढली, पण या उद्योगात त्याला सुमारे १० हजार पौंडांचा तोटा झाल्याचं सांगितलं जातं. त्याच्यानंतर दुसऱ्या कंपनीने १९३९ पर्यंत हे काम चालवलं. बुडालेल्यांपैकी तीन मोठ्या युद्धनौका आणि चार क्रूझर आजही स्कापा फ्लोच्या तळाशी आहेत. आता तिथे डायव्हिंग करायला पर्यटक जातात.