एकाच दगडावर चार ठेचा

गेल्या महिन्यात आमच्या गावात बुद्धिबळाची खुली स्पर्धा झाली. वय ७४, गुडघे कुरकुरतात, पण पट दिसला की हात शिवशिवतात. दिलं नाव! तिसऱ्या फेरीत समोर आला सातवीतला एक मुलगा. पांढरी मोहरी माझी. पन्नास वर्षं खेळत आलो तसंच खेळलो. राजापुढचं प्यादं दोन घरं पुढे, मग घोडा, मग उंट थेट त्याच्या घोड्यावर रोखलेला. सोळाव्या शतकातल्या रुय लोपेझ नावाच्या स्पॅनिश पाद्र्याच्या नावाने ओळखली जाणारी ही सुरुवात माझी फार लाडकी. आठव्या चालीलाच वजिरांची मारामारी होऊन दोन्ही वजीर पटाबाहेर गेले. त्याला वजीर मारायला राजाच हलवावा लागला, म्हणजे किल्लेकोटाचा हक्कही गेला. मनात म्हटलं, आता पोरगं गेलं.

गेलो मीच. चाळिसेक चालींत.

घरी येऊन नातीला डाव दाखवला. ती हसायला लागली. "आजोबा, ही तर बर्लिन भिंत! मी तुम्हाला याच बचावाने तीनदा हरवलंय. दर वेळी तुम्ही म्हणालात, लक्ष नव्हतं."

खरं होतं ते. मंडळी, ७४व्या वर्षी असं काही ऐकलं की माणूस एकदम गप्प होतो. मग जन्मभराच्या सवयीने इतिहासात शिरलो, आणि थेट पोचलो सन २००० च्या लंडनला.

८ ऑक्टोबर २००० रोजी तिथे गॅरी कास्पारोव्ह आणि व्लादिमीर क्रामनिक यांची जगज्जेतेपदाची लढत सुरू झाली. कास्पारोव्ह १९८५ पासून अजिंक्य. क्रामनिक अवघा २५ वर्षांचा, आणि एका अर्थाने त्याचाच चेला. बोटविनिक आणि कास्पारोव्ह यांच्या बुद्धिबळ शाळेत तो शिकलेला. १९९५ मध्ये न्यूयॉर्कला कास्पारोव्ह आपल्या आनंदशी खेळला, तेव्हा त्याला तयारीत मदत करणाऱ्यांतही हा होता. गुरूचा स्वयंपाक आतून पाहिलेला शिष्य म्हणा ना!

कास्पारोव्हची खरी ताकद सुरुवातीच्या तयारीत आणि त्यातून पेटणाऱ्या हल्ल्यात. पहिल्या डावात तो पांढऱ्या मोहऱ्यांनी रुय लोपेझ खेळला आणि क्रामनिकने काढला हा एकोणिसाव्या शतकातला बर्लिन बचाव. जुना, काहीसा अडगळीत पडलेला. त्यात काळ्याची दोन प्यादी एकापुढे एक अडकतात, राजा मधेच उभा राहतो. दिसायला अगदी गरीब. पण वजीरच नसले तर उघड्या राजावर हल्ला करायचा कशाने? उलट काळ्याकडे दोन्ही उंट शिल्लक राहतात आणि पांढऱ्याला घुसायला वाट सापडत नाही. कास्पारोव्हच्या हातातली तलवारच क्रामनिकने आठव्या चालीला काढून घेतली, आणि मग म्हणाला, आता या कुस्तीला!

पहिला डाव बरोबरीत. तिसऱ्यात पुन्हा तीच भिंत, पुन्हा बरोबरी. मधे कास्पारोव्हने दुसऱ्या वाटा चाचपून पाहिल्या, नाही असं नाही. पण नवव्या डावात तो परत भिंतीकडे आला, आणि तेराव्यातही. चारही वेळा बरोबरी. तोवर दुसरा आणि दहावा डाव क्रामनिकने पांढऱ्या मोहऱ्यांनी जिंकला होता. लढत १६ डावांची होती, पण पंधराव्यालाच साडेआठ विरुद्ध साडेसहा अशी संपली. कास्पारोव्हला एकही डाव जिंकता आला नाही. गादीवरचा जगज्जेता एकही विजय न मिळवता हरला, असं त्याआधी घडलं होतं १९२१ मध्ये, लास्कर कापाब्लांकाशी हरला तेव्हा.

आपल्याकडे म्हणतात, पुढच्यास ठेच, मागचा शहाणा. इथे पुढचाही तोच आणि मागचाही तोच, आणि दगडही तोच! एवढा बुद्धिमान माणूस पुन्हा पुन्हा तिथेच का गेला? मला वाटतं, त्या बचावात काहीतरी खोट असलीच पाहिजे आणि आपल्याला ती सापडलीच पाहिजे, असं त्याला वाटत असणार. पंधरा वर्षं जिंकणाऱ्याला आपली पद्धत तपासायची सवय राहत नाही.

आणि इथे मला माझी नववी 'ड' आठवली.

मी ३४ वर्षं इतिहास शिकवला. १९८० च्या सुमारास ही तुकडी माझ्याकडे आली. बहुतेक मुलं शेतावर राबून शाळेत येणारी. बाकीच्या तुकड्यांत माझी पद्धत नावाजलेली होती : फळाभर सनावळी, मुद्दे, घोकंपट्टी. तीच मी इथे लावली. निम्मी मुलं नापास. दुसऱ्या वर्षी जरा जास्त जोराने तीच लावली. पुन्हा तेच. तिसऱ्या वर्षीही. शिक्षकांच्या खोलीत मी सरळ सांगायचो, "पोरंच ढ आहेत." चौथ्या वर्षी घसा बसला म्हणून नाइलाजाने मुलांनाच बोलायला लावलं. तुमच्या गावात पाणी कुठून येतं, ती विहीर कुणी बांधली, विचारून या म्हटलं. काय काय घेऊन आली मुलं! वर्ग तोच, मुलं तशीच. बदलला होता फक्त माझा घसा.

कास्पारोव्ह पुढल्याच वर्षी, २००१ मध्ये, अस्तानाच्या स्पर्धेत क्रामनिकला भेटला. पुन्हा पांढरी मोहरी, पुन्हा बर्लिन भिंत. या वेळी तो घरचा अभ्यास पुरा करून आला होता. ती भिंत फोडून त्याने डाव जिंकला आणि स्पर्धाही. हरल्यावर शिकणं म्हणजे काय, ते त्या डावात दिसतं. पण जगज्जेतेपदासाठी मात्र त्याला पुन्हा कधीच खेळायला मिळालं नाही. २००५ मध्ये तो स्पर्धात्मक बुद्धिबळातून निवृत्त झाला.

तो बचाव मात्र अडगळीतून जो बाहेर आला, तो कायमचा. २०१३ मध्ये चेन्नईत कार्लसनने आनंदविरुद्धचा सहावा डाव काळ्या मोहऱ्यांनी जिंकला, तोही याच बचावाने. तेव्हा आम्हा सगळ्यांनाच हळहळ वाटली होती.

असो. मी आता नातीकडे शिकवणी लावली आहे. रोज रात्री जेवणं झाली की अर्धा तास. ती रागावते, मी ऐकून घेतो. पुढल्या वर्षी स्पर्धेत तो मुलगा पुन्हा भेटला तर निदान लवकर हरणार नाही.

मला परत खेळायची संधी आहे. त्या पहिल्या तीन वर्षांत नववी 'ड' मधून शाळा सोडून गेलेली मुलं मात्र मला पुन्हा भेटली नाहीत. त्यांतल्या काहींची नावं अजून आठवतात. तीन वर्षं मी ज्यांना ढ म्हणत होतो, ती आता साठीच्या घरात असतील.