बुलेट मोटारसायकलची घरगुती पुनर्बांधणी

बुलेट मोटारसायकलची घरगुती पुनर्बांधणी : जुनी बुलेट पूर्ण खोलून, झिजलेले भाग दुरुस्त करून किंवा बदलून ती घरच्या कार्यशाळेत पुन्हा उभी करण्याचे काम. या कामाच्या दोन वाटा आहेत. गाडी कारखान्यातून निघाली तेव्हा जशी होती तशी करणे ही पहिली, म्हणजे जीर्णोद्धाराची. टाकी, सीट, हँडल, मडगार्ड आपल्या पसंतीने बदलून तिला नवे रूप देणे ही दुसरी. इंजिनाचे काम दोन्हींत सारखेच असते. फरक पडतो तो कापाकापीत. लोखंड एकदा कापले की मूळ गाडी परत मिळत नाही. त्यामुळे कोणत्या वाटेने जायचे हे पहिला पाना लावण्याआधीच ठरवावे लागते.

पार्श्वभूमी : रॉयल एनफिल्ड ही इंग्लंडमधील रेडिच गावची कंपनी. बुलेट हे नाव तिने १९३० च्या दशकाच्या आरंभी वापरात आणले. १९५० च्या दशकात भारत सरकारने सैन्यासाठी ८०० बुलेट मागवल्या आणि १९५५ मध्ये मद्रास मोटर्सच्या भागीदारीत एनफिल्ड इंडिया स्थापन झाली. मद्रासजवळ तिरुवोट्रियूर येथे आधी सुटे भाग आणून जुळणी होत असे, पुढे सगळी गाडीच तेथे बनू लागली. मूळ इंग्रजी कंपनी १९७० मध्ये बंद पडली, तरी मद्रासची बुलेट चालूच राहिली. ओतीव लोखंडी सिलिंडरचे जुन्या रचनेचे इंजिन २०१० च्या सुमारास थांबले. रचना अनेक दशके फारशी न बदलल्याने एका दशकातील गाडीचे बरेच भाग दुसऱ्या दशकातील गाडीला बसतात. घरगुती बांधणीला बुलेट सोयीची ठरते ती प्रामुख्याने यामुळे.

कावेरी त्रिभुज प्रदेश : पुढील वर्णन या प्रदेशातील घरगुती कामाचे आहे. तंजावर, तिरुवारूर, नागपट्टिनम आणि मयिलादुतुरै या तमिळनाडूतील जिल्ह्यांचा हा भातशेतीचा मुलूख. १६७६ पासून १८५५ पर्यंत येथे भोसल्यांची गादी होती, म्हणून मराठी वाचकाला तो परका नाही. भारतीय बुलेटही तमिळनाडूतच घडली. जुन्या सुट्या भागांसाठी प्रसिद्ध असलेला चेन्नईचा पुदुपेट्टै बाजार तंजावरपासून सुमारे ३४० किलोमीटरवर आहे.

धातुकामाची परंपरा येथे जुनी आहे. कुंभकोणमजवळच्या स्वामीमलै येथे स्थपती मेणाचा नमुना करून त्यावर कावेरीच्या गाळाची माती लिंपतात आणि पंचधातूच्या मूर्ती ओततात. नाच्चियारकोविलचा पितळी कुत्तुविळक्कु, म्हणजे समई, वेगवेगळ्या तुकड्यांत ओतला जातो. मग प्रत्येक तुकडा लेथवर उतरवून, आटे पाडून एकमेकांत बसवला जातो. ओतणे, उतरवणे, आटे जुळवणे ही त्रिसूत्री इंजिनाच्या कामातही तशीच लागते.

जागा आणि हत्यारे : या गावांतील जुन्या घरांना पुढे तिण्णै, म्हणजे ओटा, आणि मागे कोल्लै, म्हणजे परसू असते. छप्पर टाकलेले परसू या कामाला पुरेसे होते. शेगडा, गोटी पान्यांचा संच, फीलर गेज, व्हर्निअर, क्लच आणि मॅग्नेटची चाके ओढून काढणारे पुलर एवढे घरी असावे. सिलिंडर बोअर करणे, क्रँक दाबून जुळवणे आणि सांगाड्याचे वेल्डिंग ही कामे तालुक्याच्या गावातील लेथवाल्याकडेच द्यावीत. घरी काय करायचे आणि बाहेर काय द्यायचे हे नीट कळणे हा कारागिरीचाच भाग आहे.

खोलणे : प्रत्येक भाग काढण्याआधी त्याचा फोटो घ्यावा. बोल्ट आणि वायसर ज्या भोकातून निघाले त्याच्या नावाची चिठ्ठी लावून डब्यांत ठेवावेत. सांगाड्यावरचा आणि इंजिनावरचा क्रमांक नोंदणीपुस्तकाशी ताडून पाहावा. क्रमांक जुळत नसेल तर आधी कागदपत्रे मार्गी लावावीत. त्याशिवाय गाडीवर पैसा घालू नये.

इंजिन : ३५० बुलेटच्या सिलिंडरचा व्यास ७० मिलिमीटर, पिस्टनची धाव ९० मिलिमीटर आणि घनफळ ३४६ घनसेंटिमीटर. लांब धाव आणि जड फ्लायव्हील यांमुळे कमी फेऱ्यांतही गाडी ओढते आणि तिचा तो ओळखीचा ठोका उमटतो. सिलिंडर झिजला असेल तर बोअर करून मोठ्या मापाचा पिस्टन बसवतात. बोअर नेहमी हाती आलेल्या पिस्टनच्या मापाने करावा. आधी बोअर करून मग पिस्टन शोधू नये.

जुन्या इंजिनाच्या बिग एंडला रोलर नसतात, तरंगता बुश असतो. तो तेलाच्या प्रवाहावर जगतो, म्हणून क्रँकमधील तेलाच्या वाटा तारेने आणि हवेने साफ करणे अत्यावश्यक. तपासणीसाठी कनेक्टिंग रॉड हातात धरून वर-खाली ओढावा. बाजूला थोडा हलला तर चालेल. वर-खाली ठक् लागता कामा नये.

व्हॉल्व्हचे समायोजन इंजिन थंड असताना करतात. पिस्टन कॉम्प्रेशनच्या टोकावर आणून दोन्ही व्हॉल्व्ह बंद असताना पुशरॉड बोटांनी सहज फिरावा, पण त्याला वर-खाली खेळ नसावा. इंजिन तापून प्रसरण पावले की आवश्यक ती फट आपोआप मिळते.

सुरू करणे : जुन्या बुलेटवरचा अँपिअर दाखवणारा काटा हा घरच्या मिस्त्रीचा गुरू आहे. किल्ली फिरवून किक सावकाश दाबत न्यावी. पॉइंट मिटलेले असताना काटा डावीकडे झुकतो. पाय घट्ट अडतो त्या जागी पॉइंट उघडतात आणि काटा मधोमध येतो. म्हणजे पिस्टन कॉम्प्रेशनच्या टोकाशी पोचला. आता डीकॉम्प्रेसरचा लिव्हर ओढून किक किंचित पुढे सरकवावी, लिव्हर सोडावा, किक वर येऊ द्यावी आणि मग एकच पूर्ण किक मारावी. बांधणी नीट झाली असेल तर इंजिन त्या एका किकेत बोलते. न बोलल्यास आधी पॉइंटची फट पाहावी, ती ०.३५ ते ०.४० मिलिमीटर असावी.

हवा आणि पेट्रोल : ऑक्टोबर ते डिसेंबर या प्रदेशात ईशान्य मोसमी पाऊस असतो आणि किनाऱ्याकडून खारी हवा येते. होन केलेला सिलिंडर या दिवसांत उघडा ठेवला तर त्याच्या आतल्या भिंतीवर लगेच तांबूस गंज धरतो. तेलाचा हात फिरवून तो प्लास्टिकमध्ये गुंडाळावा. दमट हवेत मारलेल्या लॅकरवर पांढरट छटा येते. म्हणून पावसाळ्यात इंजिनाचे काम करावे आणि सांबा या भातपिकाची कापणी आणि पोंगलचा सण उरकला की कोरड्या हवेत रंगकाम काढावे. हल्लीच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. ते ओलावा ओढून घेते आणि जुन्या रबराला त्रास देते. त्यामुळे टाकी आतून साफ करून पेट्रोलची नळी आणि कार्ब्युरेटरमधील सील नवे घालणे हिताचे.

रूप आणि कायदा : १९५०-६० च्या दशकांत लंडनच्या एस कॅफेभोवती जमणाऱ्या तरुणांनी बुटके हँडल, एकेरी सीट आणि लांबट टाकी यांची कॅफे रेसर शैली रूढ केली; आजही बुलेटवर ती चढवली जाते. मात्र मोटार वाहन अधिनियम १९८८ च्या कलम ५२ नुसार निर्मात्याच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल करता येत नाहीत. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हे पुन्हा स्पष्ट केले. जुलै २०२१ च्या नियमांनी ५० वर्षांहून जुन्या, खाजगी वापराच्या आणि मूळ रूप राखलेल्या वाहनांना ‘व्हिंटेज’ अशी वेगळी नोंदणी दिली. तिच्या क्रमांकात ‘व्हीए’ ही अक्षरे असतात, नव्या नोंदणीला २०,००० रुपये शुल्क पडते आणि ती १० वर्षे टिकते. अशी गाडी रोजच्या वापराला चालत नाही. प्रदर्शन, रॅली, इंधन आणि दुरुस्ती अशा कारणांसाठीच रस्त्यावर आणता येते. सांगाडा, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार झाला की हा मान जातो.

म्हणून जाणता कारागीर सांगाड्याला करवत लावत नाही. सीट, हँडल, मडगार्ड कायद्यात बसेल तेवढेच आणि मूळ भोकांवरच बोल्टने बदलतो. काढलेले भाग तेल लावून, कापडात बांधून, चिठ्ठीसह माळ्यावर ठेवतो. उद्या मुलाला किंवा नातवाला ती गाडी पहिल्यासारखी हवी वाटली, तर ते गाठोडे सोडून एका दुपारी ती तशी करता येते.