गोड्या पाण्याच्या मत्स्यालयातील नैसर्गिक सजावट

गोड्या पाण्याच्या मत्स्यालयातील नैसर्गिक सजावट म्हणजे काचेच्या टाकीत मांडलेले दगड, वाळू, लाकूड, वाळलेली पाने, करवंट्या, शंख-शिंपले आणि जिवंत पाणवनस्पती. ही सजावट शोभेसाठी असली, तरी तिचा माशांच्या आरोग्याशी थेट संबंध असतो. टाकीतील पाण्याचा साठा मर्यादित असतो. नदीत किंवा तळ्यात सहज विरून जाणारा क्षार, चीक किंवा विषारी अंश टाकीत साचत जातो. त्यामुळे कोणतीही वस्तू ‘नैसर्गिक’ आहे एवढ्यावरून ती सुरक्षित ठरत नाही.

इतिहास

इंग्लंडमधील रसायनशास्त्रज्ञ रॉबर्ट वॉरिंग्टन यांनी इ.स. १८५० च्या सुमारास सोनमासे, व्हॅलिस्नेरिया ही पाणवनस्पती आणि गोगलगाई एकत्र ठेवून बंदिस्त पाण्यात समतोल राखता येतो का, याचे प्रयोग केले. लंडनच्या प्राणिसंग्रहालयात १८५३ साली सार्वजनिक मत्स्यालय सुरू झाले. मुंबईतील तारापोरवाला मत्स्यालय १९५१ साली खुले झाले. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जपानी छायाचित्रकार ताकाशी अमानो (१९५४–२०१५) यांनी दगड, लाकूड व वनस्पती यांची निसर्गदृश्यासारखी मांडणी करण्याची शैली लोकप्रिय केली.

सजावटीचे कार्य

दगडांच्या फटी व लाकडाखालील पोकळ्या माशांना आसरा देतात. लपण्यास जागा नसलेल्या टाकीत दुबळ्या माशांचा सततचा पाठलाग होतो व ते आजारास बळी पडतात. अनेक जाती सपाट दगडावर, पानावर किंवा करवंटीच्या आत अंडी घालतात. सजावटीच्या पृष्ठभागांवर उपयुक्त जिवाणूंचा थर वाढतो. हे जिवाणू माशांच्या उत्सर्गातून तयार होणाऱ्या विषारी अमोनियाचे प्रथम नायट्राइटमध्ये आणि नंतर त्या मानाने कमी घातक असलेल्या नायट्रेटमध्ये रूपांतर करतात.

दगड

दगड निवडताना त्यात चुन्याचे प्रमाण किती आहे, हे प्रथम पाहावे लागते. चुनखडक, संगमरवर व प्रवाळखडक यांत कॅल्शियम कार्बोनेट असते. पाण्यात विरघळलेल्या कार्बन डायऑक्साइडमुळे ते हळूहळू विरघळते. परिणामी पाण्याचा कठीणपणा आणि सामू (पीएच) वाढतो. निऑन टेट्रा, डिस्कस यांसारख्या मऊ व किंचित आम्लधर्मी पाण्यातील माशांना हा बदल मानवत नाही. मॉली, गप्पी यांसारखे मासे मात्र कठीण पाण्यात चांगले राहतात.

ग्रॅनाइट, गारगोटी (क्वार्ट्झ), स्लेट व बेसाल्ट हे दगड सामान्यतः पाण्याच्या गुणधर्मांत फरक करीत नाहीत. महाराष्ट्राचा बराचसा भाग व्यापणारा काळा पाषाण हा बेसाल्टच होय. तथापि दख्खनच्या बेसाल्टमधील पोकळ्यांत झिओलाइट व क्वार्ट्झबरोबरच कॅल्साइटचेही स्फटिक आढळतात. कॅल्साइट हे कॅल्शियम कार्बोनेटच असल्याने पांढऱ्या शिरा किंवा गाठी असलेला दगड तपासूनच घ्यावा लागतो. कोकण व गोव्यातील जांभा दगड सच्छिद्र असतो. तो झिजून त्याची तांबडी माती पाण्यात उतरते.

घरबांधणीतून उरलेले फरशीचे तुकडे टाकीत वापरण्याची पद्धत आढळते. शहाबादी फरशी, कोटा फरशी आणि स्वयंपाकाच्या ओट्यासाठी वापरला जाणारा काळा कडप्पा हे तिन्ही मुळात चुनखडक आहेत. कडप्पा रंगाने बेसाल्टसारखा दिसत असल्याने रंगावरून दगड ओळखणे फसवे ठरते. बाजारात ‘सेर्यू’ नावाने मिळणारा करडा दगडही बहुधा पाण्याचा कठीणपणा वाढवतो. गंजासारखे डाग, धातूची चमक किंवा हिरवट-निळसर खनिजांचे थर असलेले दगड वर्ज्य मानले जातात. तांब्याचा अल्प अंशही कोळंबी व गोगलगाईंना घातक ठरतो.

दगडाची परीक्षा

आम्ल परीक्षा : कोरड्या दगडाचा पृष्ठभाग टोकदार वस्तूने खरवडून त्या भुकटीवर व्हिनेगर किंवा लिंबाच्या रसाचे थेंब टाकतात. बुडबुडे आल्यास दगडात कार्बोनेट आहे असे समजावे. डोलोमाइटसारख्या खनिजावर सौम्य आम्लाची क्रिया अतिशय मंद होते. त्यामुळे बुडबुडे दिसले नाहीत म्हणून दगड निर्धोक आहे असे खात्रीने म्हणता येत नाही.

पाणी परीक्षा : एकाच नळाचे पाणी दोन भांड्यांत घेऊन एकात दगड ठेवतात व दुसरे तसेच ठेवतात. एक-दोन आठवड्यांनी दोन्हींचा सामू व कठीणपणा मोजतात. नळाच्या पाण्याचा सामू नुसत्या ठेवण्यानेही बदलतो, म्हणून तुलनेसाठी दुसरे भांडे आवश्यक असते.

वाळू व खडी

धुतलेली बारीक क्वार्ट्झ वाळू सर्वसाधारणपणे योग्य समजली जाते. समुद्राच्या वाळूत मीठ व शिंपल्यांचा चुरा असतो. मीठ धुऊन जाते, चुरा मात्र राहतो. कॉरिडोरससारखे तळाशी चरणारे मासे मिशांनी अन्न शोधतात. धारदार खडीमुळे त्यांच्या मिशा झिजतात व जखमांना संसर्ग होतो. पाणी स्वच्छ दिसेपर्यंत वाळू अनेकदा धुवावी लागते.

लाकूड

टाकीसाठी पूर्ण वाळलेले, साल काढलेले कठीण लाकूड वापरतात. चीड, देवदार यांसारख्या वृक्षांच्या लाकडात राळ असल्याने ते टाळतात. कण्हेर विषारी आहे, तर शेर व रुई यांचा चीक दाहक असतो. या झाडांच्या फांद्या वाळलेल्या असल्या तरी वापरू नयेत. झाडाची ओळख पटत नसेल, तर ते लाकूड न वापरणे हाच योग्य मार्ग होय. ओली फांदी व हिरवा बांबू पाण्यात कुजतात. कुजण्याच्या क्रियेत प्राणवायू खर्च होतो व पाणी दूषित होते.

लाकूड प्रथम उकळतात व नंतर काही दिवस ते काही आठवडे पाणी बदलत भिजवून ठेवतात. त्यामुळे कीटक व बुरशी नष्ट होते, लाकूड जड होऊन तळाशी बसते आणि टॅनिनचा बराच अंश निघून जातो. उरलेल्या टॅनिनमुळे पाण्याला चहासारखा रंग येतो. हा रंग माशांना अपायकारक नसतो. मऊ पाण्यात सामू किंचित उतरतो. नव्या लाकडावर प्रारंभी येणारा पांढरा चिकट थर सहसा निरुपद्रवी असतो व काही आठवड्यांत नाहीसा होतो.

पाने व करवंट्या

देशी बदामाची (टर्मिनॅलिया कटप्पा) गळून पडलेली तपकिरी पाने आग्नेय आशियातील बेट्टा माशांचे पालनकर्ते दीर्घकाळ वापरत आले आहेत. फणस व पेरू यांची वाळलेली पानेही वापरली जातात. हिरवी पाने लवकर कुजतात, म्हणून ती टाळतात. फवारणी झालेल्या बागेतील किंवा वाहत्या रस्त्याकडेची पाने घेऊ नयेत, कारण कीटकनाशकांचा सूक्ष्म अंशही कोळंबीस मारक ठरतो. पाने थोड्या संख्येने घालून कुजलेली पाने वेळोवेळी काढतात.

नारळाच्या करवंटीतील खोबरे व बाहेरील काथ्या पूर्णपणे काढून ती उकळतात. दाराच्या कडा घासून गुळगुळीत केल्यास अंडी घालणाऱ्या लहान सिक्लिड माशांना तिचा चांगला उपयोग होतो.

शंख-शिंपले

शंख-शिंपले कॅल्शियम कार्बोनेटचे बनलेले असल्याने मऊ पाण्याच्या टाकीत वर्ज्य होत. आफ्रिकेतील टांगानिका सरोवराचे पाणी कठीण व अल्कधर्मी आहे. तेथील काही लहान सिक्लिड जाती गोगलगाईंच्या रिकाम्या शंखांतच राहतात व प्रजनन करतात. अशा माशांच्या टाकीत शंख आवश्यक असतात.

पाणवनस्पती

जावा फर्न व अनुबियास या वनस्पती दगडाला किंवा लाकडाला बांधून वाढवता येतात. त्यांचे खोड वाळूत पुरल्यास कुजते. नवीन वनस्पतींबरोबर गोगलगाईंची अंडी किंवा रोगजंतू येण्याचा संभव असल्याने त्या काही दिवस वेगळ्या भांड्यात ठेवतात.

स्वच्छता व मांडणी

दगड ब्रशने घासून स्वच्छ पाण्याने धुतात. साबणाचा वापर करीत नाहीत, कारण त्याचा अंश छिद्रांत राहून माशांच्या कल्ल्यांना इजा करतो. दगड उकळणे किंवा भट्टीत तापवणे धोक्याचे आहे. आत अडकलेल्या पाण्याची वाफ होऊन दगड फुटू शकतो. त्याऐवजी दगडावर उकळते पाणी ओततात.

बेसाल्टची घनता पाण्याच्या जवळजवळ तिप्पट असते. जड दगड वाळूवर रचल्यास वाळू उकरणारे मासे त्यांचा पाया मोकळा करतात व रास कोसळून काच फुटण्याची भीती असते. म्हणून मोठे दगड आधी ठेवून नंतर वाळू पसरतात. ६० × ३० × ३० सेंटिमीटरच्या टाकीत काठोकाठ ५४ लिटर पाणी मावते. सजावटीनंतर प्रत्यक्षात ते बरेच कमी भरते. औषधाची मात्रा या प्रत्यक्ष पाण्यावरून ठरवावी लागते, अन्यथा ती माशांना अधिक होते.

पर्यावरण व कायदा

भारतात प्रवाळ तसेच शंख-शिंपल्यांच्या काही जाती वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ अन्वये संरक्षित आहेत. महाराष्ट्रात खारफुटीच्या तोडीस बंदी आहे. सातारा परिसरातील पठारांवर आढळणारा वायतुरा (ॲपोनोजेटन सातारेन्सिस) ही प्रदेशनिष्ठ पाणवनस्पती असून तिचे कंद खणून नेल्यास तिचे मर्यादित अधिवास धोक्यात येतात. ओढ्यातील दगडांखाली जलकीटक, बेडूकमासे व लहान मासे आश्रय घेतात. त्यामुळे तेथून दगड मोठ्या प्रमाणात उचलणेही हानिकारक आहे.

टाकीतील नको झालेल्या वनस्पती किंवा मासे नदी-तलावात सोडू नयेत. मूळची दक्षिण अमेरिकेतील जलपर्णी शोभेची वनस्पती म्हणून जगभर नेली गेली आणि आज ती भारतातील असंख्य जलाशय व्यापून आहे. मत्स्यालयांतून बाहेर पडलेला सकर माशाचा उपद्रवही अनेक जलाशयांत दिसून येतो. काढून टाकलेल्या वनस्पती पूर्ण वाळवून खतात मिसळणे हा सुरक्षित उपाय आहे.