को-क्रिस्टल गोळी: मिलिग्रॅम जुळले म्हणून औषध बदलू नका

हृदय कमजोर झालेले रुग्ण साताऱ्यात आम्हाला विचारतात, “डॉक्टर, ही गोळी महाग पडते. नुसतं व्हालसार्टन घेतलं तर चालेल का?” परस्पर असा बदल करू नका. कारण समजून घ्या.

को-क्रिस्टल म्हणजे काय?
गोळीतले औषध आधी विरघळते, मगच आतड्यातून रक्तात जाते. काही औषधांचे स्फटिक पाण्यात सहज विरघळत नाहीत. अशा औषधाचे रेणू दुसऱ्या योग्य पदार्थाच्या रेणूंसोबत एकाच स्फटिकात रचले, तर ते अधिक चांगले विरघळू शकते. औषध तेच राहते, रचना बदलते.

तुमच्या गोळीचे गणित
सॅक्युबिट्रिल आणि व्हालसार्टन एकाच स्फटिकात असलेल्या गोळीला अमेरिकेत 2015 मध्ये मान्यता मिळाली. पाकिटावरचे 200 मिग्रॅ म्हणजे 97 मिग्रॅ सॅक्युबिट्रिल आणि 103 मिग्रॅ व्हालसार्टन. हे 103 मिग्रॅ साध्या गोळीतल्या 160 मिग्रॅ व्हालसार्टनच्या बरोबरीचे असते. शिवाय साध्या गोळीत सॅक्युबिट्रिल नसतेच.

लक्षात ठेवा
- जुनी व्हालसार्टनची गोळी सोबत चालू ठेवू नका.
- रामिप्रिल किंवा एनालाप्रिल घेत असाल तर आधी सांगा. दोन्हींमध्ये किमान 36 तासांचे अंतर हवे.
- ओठ, जीभ किंवा चेहरा सुजला तर गोळी थांबवून लगेच रुग्णालय गाठा.
- गरोदरपणात ही गोळी चालत नाही.
- खर्च झेपत नसेल तर संकोच न करता सांगा. 2023 पासून भारतात अनेक कंपन्यांच्या स्वस्त गोळ्या मिळतात. कंपनी बदलताना पाकीट डॉक्टरांना दाखवा.