क्वेबेकचा करारनामा व अमेरिकेचा अणुशक्तीचा कायदा

अमेरिकेच्या १९४६ च्या अणुशक्तीच्या कायद्याची हकीकत सांगतांना एका गहाळ झालेल्या कागदाची गोष्ट सांगण्यांत येते. आणि कागद गहाळ झाला म्हणूनच तो कठोर कायदा झाला, असा वाचकाचा समज सहज होतो. हा समज कितपत खरा, हें कागदांचा क्रम लावून पाहण्याचें आम्हीं योजिलें आहे. विषय मराठ्यांच्या इतिहासाबाहेरचा खरा. पण दफ्तरें चाळणाऱ्यांस तो अगदींच परका वाटूं नये.

ता. १९ ऑगस्ट १९४३ रोजीं कॅनडांतील क्वेबेक येथें अमेरिकेचे अध्यक्ष रूझवेल्ट व ब्रिटनचे मुख्य प्रधान चर्चिल यांनीं एका करारनाम्यावर सह्या केल्या. अणुबाँब एकमेकांवर टाकूं नये. परस्परांच्या संमतीवांचून तिसऱ्यावरही टाकूं नये. त्याविषयींची माहिती तशा संमतीवांचून तिसऱ्यास देऊं नये, अशीं त्यांतील कलमें होतीं. यांतील दुसरें कलम वाचकांनीं ध्यानांत ठेवावें. पुढें सप्टेंबर १९४४ मध्यें हाइड पार्क येथें, रूझवेल्ट यांच्या राहत्या घरीं, उभयतांनीं एक लहानसें टिपण केलें. जपानचा पाडाव झाल्यावरही हें सहकार्य लष्करी व व्यापारी अशा दोन्ही कामीं पूर्णपणें चालावें, व दोघांच्या संमतीनेंच तें संपावें, असें त्यांत आहे. अमेरिकेंत तहास सिनेटच्या दोनतृतीयांश मतांची मान्यता लागते. परंतु हे दोन्ही कागद तह म्हणून सिनेटपुढें कधींच मांडले गेले नाहींत.

ता. १२ एप्रिल १९४५ रोजीं रूझवेल्ट वारले. त्यानंतर इंग्रजांनीं टिपणाचा हवाला दिला, तेव्हां अमेरिकेची प्रत सांपडेना. ब्रिटनची अणुविषयक योजना ‘ट्यूब ॲलॉइज’, म्हणजे नळ्यांचे मिश्रधातु, या बनावट नांवानें चाले, व टिपणांतही तेंच नांव होतें. कोणीतरी तें आरमारी तोफांचें किंवा बॉयलरच्या नळ्यांचें प्रकरण समजून रूझवेल्ट यांच्या आरमारी सहायकाच्या कागदांत ठेविलें असावें. कारण कित्येक वर्षांनीं तें तेथें निघालें. आम्हीं स्वतः एकदां इनामाची एक सनद, ती वैद्याच्या नांवची एवढ्यावरूनच, वैद्यकाच्या रुमालांत बांधून ठेविली होती व ती पुन्हां हातीं लागण्यास सात वर्षें गेलीं. तेव्हां त्या अज्ञात इसमास हंसण्याचा अधिकार आम्हांस नाहीं.

ता. १ ऑगस्ट १९४६ रोजीं अध्यक्ष ट्रुमन यांनीं अणुशक्तीच्या कायद्यावर सही केली. तो मांडणारे सिनेटर ब्रायन मॅकमोहन यांच्या नांवानेंच तो ओळखला जातो. परिणामकारक आंतरराष्ट्रीय बंदोबस्त झाला आहे असें काँग्रेसनें संयुक्त ठरावानें जाहीर करीपर्यंत, अणुशक्तीच्या औद्योगिक उपयोगाची माहिती कोणत्याही परराष्ट्रास देऊं नये, असें त्याचें दहावें कलम सांगे. लष्करी माहितीवरील निर्बंध वेगळे होतेच. मित्र कोण, शत्रु कोण, हा भेदच राहिला नाहीं. युद्धांत खांद्याला खांदा लावून खपलेला ब्रिटन दाराबाहेर राहिला. जानेवारी १९४७ मध्यें त्यानें स्वतःचा बाँब करण्याचें ठरविलें व ता. ३ ऑक्टोबर १९५२ रोजीं ऑस्ट्रेलियाच्या माँटे बेलो बेटांत तो उडविला. या कायद्याची जागा १९५४ च्या कायद्यानें घेतली. परराष्ट्राशीं करावयाचा करार काँग्रेसपुढें ठेवण्याची अट त्याच्या १२३ व्या कलमांत आहे, आणि ता. १० ऑक्टोबर २००८ रोजीं भारताशीं झालेल्या करारास ‘१२३ करार’ हें नांव पडलें तें त्यावरूनच.

आतां मूळ प्रश्न. हाइड पार्कच्या टिपणाचें छायाचित्र ब्रिटिशांनीं जुलै १९४५ मध्येंच अमेरिकनांस दिलें होतें. क्वेबेकचा करारनामा तर हरवलाच नव्हता. म्हणजे कायदा होण्यापूर्वीं पुरतें एक वर्ष दोन्ही लेख सरकारजवळ होते. ते काँग्रेसला दाखविले नाहींत इतकेंच. तेव्हां दोष रुमाल बांधणाऱ्याचा नसून रुमाल न सोडणाऱ्यांचा होय.

पण दाखविले असते तर? १९५२ मध्यें चर्चिल यांनीं मॅकमोहन यांस करारनामा दाखविला, तेव्हां हा आधीं पाहिला असता तर असा कायदा झालाच नसता, असें ते म्हणाले. हें वचन जागोजाग उद्धृत होतें. आमच्या मतें त्याची किंमत बखरीइतकी धरावी, समकालीन पत्राइतकी नव्हे. फेब्रुवारी १९४६ मध्यें कॅनडांतील रशियन हेरगिरी उघडकीस आली व मार्चमध्यें ॲलन नन मे हा ब्रिटिश शास्त्रज्ञ पकडला गेला. तेव्हां कायद्याचा मसुदा सिनेटच्या समितीपुढेंच होता. शिवाय मे १९४७ मध्यें करारनाम्याची बातमी कळतांच सिनेटर व्हँडनबर्ग व हिकनलूपर संतापले, तें त्या दुसऱ्या कलमामुळेंच. आपला बाँब टाकण्यास आपणांस ब्रिटनची परवानगी लागावी, हें त्यांस असह्य झालें. जानेवारी १९४८ च्या नव्या व्यवस्थेनें तें कलम रद्द झालें. तोच लेख १९४६ मध्यें पुढें येता, तर मसुदा सौम्य होण्याऐवजीं अधिकच कडक होण्याचा संभव आम्हांस दिसतो.

क्वेबेकचा करारनामा चर्चिल यांनीं ता. ५ एप्रिल १९५४ रोजीं कॉमन्स सभेंत वाचून दाखविला, तेव्हां कोठें तो लोकांपुढें आला. त्यापूर्वींच, जुलै १९५२ मध्यें, मॅकमोहन निवर्तले होते.