मेयो हॉस्पिटलवाला मेयो आणि अंदमानची पायवाट

आजचा भाग अंदमानातल्या एका ट्रेकवर आहे, पण सुरुवात नागपूरहून करू.

आमच्या केळझरला, खरं तर वर्धा-नागपूर रस्त्यावरच्या कुठल्याही गावात, "पेशंटला मेयोत नेलं" म्हटलं की पुढे काही सांगावं लागत नाही. या सरकारी हॉस्पिटलला इंदिरा गांधींचं नाव देऊन बरीच वर्षं झाली, तरी लोकांच्या तोंडी मेयोच. पण हा मेयो होता कोण?

लॉर्ड मेयो 1869 मध्ये भारताचा व्हाइसरॉय झाला. वऱ्हाडातला कापूस झटपट मुंबईला पोचावा म्हणून खामगावपर्यंत रेल्वेचा फाटा टाकला गेला, तो 1870 मध्ये याच्याच हस्ते सुरू झाला. आणि दोन वर्षांत हा माणूस अंदमानात मारला गेला.

आता ट्रेककडे येऊ. पोर्ट ब्लेअरच्या (आताचं श्री विजयपुरम) समोर खाडीपलीकडे एक डोंगर आहे, माउंट हॅरिएट. उंची साधारण 380 मीटर. जुनी लालसर 20ची नोट आठवते? तिच्या मागचा नारळाच्या झाडांचा किनारा आणि दीपगृह याच डोंगरावरून दिसतं. वरून घनदाट जंगलातली पायवाट काला पत्थरवरून मधुबनच्या किनाऱ्यावर उतरते. तिथे गर्दी नाही, हॉटेलं नाहीत, समोर फक्त समुद्र.

8 फेब्रुवारी 1872. दिवसभर कैद्यांच्या वसाहती बघून झाल्यावर मेयो सूर्यास्त पाहायला या डोंगरावर चढला. आजाऱ्यांना हवापालटासाठी ही जागा कशी, हेही त्याला बघायचं होतं. उतरेपर्यंत अंधार पडला. मशालींच्या उजेडात तो खालच्या होपटाउनच्या धक्क्याकडे निघाला, तेवढ्यात शेर अली आफ्रिदी नावाच्या कैद्याने सुरा घेऊन त्याच्यावर झडप घातली. पदावर असताना खून झालेला भारताचा हा एकमेव व्हाइसरॉय. मेयोचा चरित्रकार हंटर लिहितो, की शेर अली त्या दिवशी झाडीतून डोंगरावरही त्याच्या मागावर होता. म्हणजे पहारा होता वाटेवर, आणि धोका होता झाडीत.

शेर अली पूर्वी पेशावरला इंग्रजांच्याच नोकरीत होता. खुनाच्या आरोपात फाशी झाली, ती बदलून काळ्या पाण्यावर धाडलं. मेयोच्या खुनानंतर 11 मार्चला व्हायपर बेटावर त्याला फाशी दिलं.

आपल्याकडे अंदमान म्हटलं की सावरकर बंधू आणि सेल्युलर जेल डोळ्यांसमोर येतं. पण ते जेल 1906 मध्ये पूर्ण झालं. काळं पाणी त्याआधी जवळपास 50 वर्षं चालू होतं. 1857च्या उठावानंतर, मार्च 1858 मध्ये 200 कैद्यांची पहिली तुकडी आली, तेव्हा तिथे जेलची इमारतच नव्हती. गरजही नव्हती. एका बाजूला जंगल, दुसऱ्या बाजूला समुद्र, हीच भिंत. तरी कित्येक जण पळाले. पकडलेल्यांपैकी 80हून जास्त लोकांना अधीक्षक वॉकरने काही महिन्यांतच फासावर चढवलं.

म्हणून मधुबनला पोचून "काय भारी एकांत आहे!" म्हणताना एक लक्षात ठेवा. आपल्याला तो एकांत भारी वाटतो, कारण परतीची बोट ठरलेली असते. त्या कैद्यांकडे समुद्र तोच होता, बोट नव्हती.

राहिला नावाचा प्रश्न. हॅरिएट ही वसाहतीचा अधीक्षक टायटलर याची बायको. 1891च्या युद्धानंतर मणिपूरचे राजे कुलचंद्र सिंह आणि त्यांच्या साथीदारांना इथे डांबलं होतं, त्यांच्या स्मरणार्थ 2021 मध्ये डोंगराचं नाव माउंट मणिपूर झालं. चांगलंच झालं. पण जंगल तोडून ही वसाहत उभी केली ती हजारो साध्या कैद्यांनी, आणि त्यांच्यातल्या एकाचं नाव सांगा म्हटलं तर आपण अडतो. मेयो मात्र अजून रोज आपल्या तोंडात आहे.

तुमच्या गावात असं जुन्या साहेबाचं नाव कशाला चिकटलंय? नक्की कळवा. भेटू पुढच्या भागात!